पखुर्ड्या पाण्यावर येतात तेव्हा

दख्खनचं पठार मी शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. फळ्यावर खडूनं सह्याद्रीची रेघ ओढायची, तिच्या उजवीकडे आडव्या रेषा मारायच्या आणि सांगायचं, ‘हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस कमी, झाडं विरळ, गवत जास्त.’ मुलं लिहून घ्यायची. चिपळूणच्या त्या मुलांनी तो प्रदेश पाहिलेला नव्हता आणि मीही तो पाहिला नव्हता. आमच्याकडे परसातली वाट एक पावसाळा वापरली नाही तर रानात जाते. तेव्हा सोलापूरच्या माळावर राहून आल्यावर, त्या आडव्या रेषांखाली मी काय काय गाडून टाकलं होतं ते एकदा नीट सांगितलं पाहिजे.

जाण्याचं कारण रुक्मिणी. जानेवारीत तिचा फोन आला.

“ताई, मी रुक्मिणी बोलतीय, वैरागपासली. तुमी पक्षी बघायच्या ना?”

“बघायचे,” मी म्हणाले. “आता नाही.”

सहा वर्षांपूर्वी घाटाखालच्या एका ओढ्यात, कर्णा नावाच्या लाल पोटाच्या पक्ष्यामागे दुर्बीण लावून चालताना, शेवाळलेल्या दगडावरून मी घसरले. पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचं अंग गेलं. चाकाची खुर्ची घरी आली त्याच आठवड्यात मी दुर्बीण पुतणीला देऊन टाकली. तेव्हापासून घरात पक्ष्यांचा विषय कोणी काढत नसे. माझी एक जुनी विद्यार्थिनी बार्शीच्या कॉलेजात शिकवते. तिच्याकडून रुक्मिणीला हे सगळं कळलं होतं.

“मला दिसत न्हाय,” ती म्हणाली. “चार वर्षांची असताना ताप आला, तवापासनं. सोलापूर-बार्शी रस्त्याला गवताळ माळाचं उद्यान हाय. तितं यंदा पयल्यांदाच अपंगांसाठी सहा महिन्यांची इंटर्नशिप काढलीया. मला घेतलंय. ज्यांना चालता येत न्हाय, दिसत न्हाय, त्यांना पक्ष्यांपर्यंत पोचता येईल अशी वाट करायची, हे माझं काम. वाट झालीय. पन खुर्चीवरचं मानूस अजून एकबी तिच्यावरनं गेलं न्हाय. फेब्रुवारीअखेर वनखात्याचे साहेब बघाय येनार. मग ठरनार, हे पुढं चालवायचं का बंद करायचं.”

मी नाही म्हणाले. ती म्हणाली, “बरं.” आठ दिवसांनी पुन्हा फोन. असं तीनदा झालं. चौथ्या वेळी फोन माझ्या भावानं, सतीशदादानं घेतला आणि मला न विचारता होकार देऊन टाकला.

सात रस्ता

फेब्रुवारीच्या शेवटी आम्ही निघालो. सोलापुरात शिरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. खुर्चीच्या एका चाकात हवा कमी वाटत होती, म्हणून दादानं सात रस्त्याजवळ गाडी थांबवली. सायकलच्या दुकानातला माणूस पंप घेऊन आला, चाक दाबून बघितलं आणि म्हणाला, “टायर नरम हुआ है. किधर जारें?”

“पक्षी बघायला,” दादा म्हणाला.

त्यानं खुर्चीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या चाकातही हवा भरली. “जाव, जाव,” म्हणाला. “आसमान तो सबका है.”

शहर मागे पडलं आणि मी ज्यांची वाट पाहत होते ते डोंगर काही येईनात. आमच्याकडे नजर कशाला तरी अडते; समोरच्या डोंगराला, माडाला, निदान शेजारच्या कौलांना. इथे ती सुटली की सुटलीच. पिवळं, कमरेएवढं, वाऱ्यानं एका बाजूला कललेलं गवत, मधूनच एखादी बाभूळ, आणि बाकी आभाळ. एवढं आभाळ मी समुद्रावरसुद्धा पाहिलं नव्हतं. गाडीत बसल्याबसल्या मला एकदम लहान झाल्यासारखं वाटलं.

उद्यानाच्या फाटकाशी रुक्मिणी उभी होती. सव्वीस-सत्तावीसची, सडपातळ, हातात पांढरी काठी, दोन्ही खांद्यांवरून पुढे घेतलेला पदर. शेजारी भागवतमामा, इथले वनमजूर. पन्नाशीचे, कमी बोलणारे. गाडीचं दार उघडायच्या आत ती म्हणाली, “ताई, थांबा. डोक्यावर डोंबारी हाय. ऐका.”

मी वर पाहिलं. चिमणीएवढा एक पक्षी सरळ उंच चढत होता. वर गेल्यावर त्यानं पंख मिटले आणि दगडासारखा खाली सुटला. पडताना एक लांब शीळ. जमिनीला लागतोय असं वाटलं तेवढ्यात पुन्हा वर. डोंबारी चंडोल. नाव पुस्तकात वाचलं होतं. ते का पडलं ते तिथे कळलं.

वाट

रुक्मिणीची वाट फाटकापासून पाणवठ्यापर्यंत जाते, चालत्या माणसाची पाच मिनिटं. मुरूम टाकून, धुम्मसानं ठोकून सपाट केलेली. उजव्या बाजूनं खुंटांवर बांधलेली सुती दोरी, आणि दोरीला गाठी. एक गाठ म्हणजे इथं थांबून ऐका. दोन गाठी म्हणजे वळण. तीन गाठी म्हणजे उतार, सावकाश. दोरी हातातून सोडत ती भराभरा पुढे चालत होती आणि मागे न वळता माहिती देत होती. लहानपणी आई तिला ज्वारीच्या राखणीला बसवायची. बाकीची पोरं बघून गोफण मारत, ही ऐकून. कणसावर भोरड्या उतरल्या की आरडाओरडा करायचा, चंडोल असला तर गप बसायचं. आवाज चुकला की आईचा ओरडा. “तवाच सगळे पक्षी पाठ झाले,” ती म्हणाली. “नावं मातुर हितं आल्यावर कळली.”

मला हे सगळं फार आवडत होतं. अर्ध्या वाटेवर मी दादाला म्हणाले, “ढकलू नकोस, माझी मी जाते.” हातांनी चाकं फिरवली, वेग घेतला. खरं सांगायचं तर सहा वर्षांत पहिल्यांदाच मी मोकळ्या जागी खुर्ची जोरात हाकली होती.

आणि पुढचं लहान चाक अडकलं. एका पट्ट्यात मुरमाखालची काळी माती वाळून भेगाळली होती. वरून दिसायला सपाट, पण चाक टेकताच मुरूम खाली बसला. खुर्ची पुढे उलटली आणि मी तोंडावर पडले. दोन्ही तळवे सोलले, हनुवटी फुटली.

दादानं आणि मामांनी मला उचललं. लागलं तसं फारसं नव्हतं. पण पडताना तो ओढ्यातला दगड, ते निसटणं, सगळं पुन्हा अंगातून गेलं आणि माझा तोल सुटला.

“हे तुझ्याच्यानं व्हायचं काम नाही,” मी रुक्मिणीला म्हणाले. “जिला दिसत नाही तिनं वाट करायची आणि जिला चालता येत नाही तिनं त्यावर मरायचं! कोणी सांगितलं होतं हे?”

ती दोरी धरून उभी होती.  तिनं विचारलं, “कुटं अडकलं, ताई? मला जागा दाखवा.”

मी दादाला खुर्ची वळवायला सांगितली. दादा मला विश्रामगृहाच्या ओसरीवर घेऊन आला. जखमा धुतल्या. “उद्या सकाळी निघू,” तो म्हणाला. मी मान हलवली.

मामांनी जेवण आणलं. पातळ, कडकडीत ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, तिखट आमटी. आमच्याकडे चटणी म्हणजे ओलं खोबरं. ती हाताला लागते, भातात मिसळते. ही कोरडी, तेल सुटलेली, लसणाची. रागातसुद्धा मी दोन भाकरी खाल्ल्या, हे लिहायला हरकत नाही.

ऊन कलल्यावर ओसरीवरून सहज वाटेकडे पाहिलं. रुक्मिणी गुडघ्यांवर बसली होती. काठी बाजूला ठेवून, दोन्ही तळवे जमिनीवर टेकून, ती वाट हातांनी चाचपत पुढे सरकत होती. एक वीत, मग पुढची वीत. कुठे बोट आत गेलं की थांबायची आणि मामांना हाक मारायची. मामा तिथे मुरूम टाकत, पाणी मारत, धुम्मस चालवत. मग ती पुन्हा तिथेच तळवा दाबून बघे. दादा माझ्या शेजारी उभा होता. तोही तिकडेच बघत होता.

तासाभरानं ती ओसरीपाशी आली. हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. “ताई, एक मागू का? तुमचं पुढचं चाक मला हातात धरू द्या. मी भाजीचा हातगाडा फिरवून वाट तपासली हुती. त्याची चाकं मोठी. हे केवढं हाय ते मला ठावंच नव्हतं.”

तिनं माझ्या पायांशी बसून त्या लहान चाकाभोवती बोटं गुंडाळली, रुंदी मापली, जाडी मापली. तिचं डोकं माझ्या गुडघ्यापाशी होतं. मी म्हणाले, “रुक्मिणी, मघाशी मी वाईट बोलले.”

“पडल्यावर मीबी लई वाईट बोलते,” ती म्हणाली. “सकाळी याल का परत? न्हाय आला तरी चालंल. पन पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर सकाळीच येत्यात.”

पाणवठा

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी वाटेवर होते. दादा मागे होता, पण हात न लावता. कालच्या जागेवरून लहान चाक गेलं तेव्हा मी त्याच्यावरच नजर ठेवली होती. काही झालं नाही. रुक्मिणी दोरीवरून पुढे चालत होती आणि तिचं सगळं लक्ष माझ्या चाकांच्या आवाजाकडे होतं. ती जागा ओलांडल्यावर तिचे खांदे खाली आलेले मला दिसले.

पाणवठ्याच्या काठाला तुरीच्या वाळक्या काटक्यांची भिंत असलेली एक खोपी आहे. आत बसून पक्ष्यांना न दिसता त्यांना बघायचं. अशा जागांत बघायची फट नेहमी उभ्या माणसाच्या डोळ्यांशी असते. इथे ती नेमकी माझ्या डोळ्यांसमोर होती. रुक्मिणीनं मामांना खुर्चीवर बसवून, त्यांच्या नाकावर हात ठेवून ती उंची ठरवली होती.

आम्ही दोघी आत, शेजारी शेजारी. दादा आणि मामा लांब. गारवा होता, गवतावर ऊन नुकतं चढत होतं. ती हळूच सांगत गेली. डावीकडे तित्तिर. पलीकडे माळटिटवी, तिला कोणीतरी उठवलंय. मग एकदम गप्प झाली आणि माझ्या मनगटाला हात लावला.

“आल्या.”

मला काहीच ऐकू आलं नाही. “कुठे?”

“उगवतीकडनं. अजून लांब हायेत.”

मी फटीतून आभाळ शोधत राहिले. रिकामं. मग खरंच, फार दुरून, दोन अक्षरी गुरगुरणारी हाक आली, नंतर तीच हाक अनेक गळ्यांतून, आणि सूर्याच्या बाजूनं टोकदार पंखांचा एक थवा बाणांसारखा आला. एक वळसा घेतला, दुसरा घेतला आणि पाण्यापासून थोड्या अंतरावर सगळे एकदम उतरले. उतरले आणि नाहीसे झाले! मातीच्या रंगाचे पक्षी मातीत मिसळून गेले. मग माती चालू लागली. पखुर्ड्या, आखूड पायांनी तुरुतुरु पाण्याकडे येत होत्या. नरांच्या छातीवर काळी बारीक रेघ, खाली चॉकलेटी पोट. मागून दुसरा थवा आला, तिसरा आला. सगळा काठ भरला. एकेक पक्षी चोच बुडवी, घटाघटा पिई आणि उडून जाई. कोणाची भांडणं नाहीत, ढकलाढकली नाही. माझ्यापासून दहा पावलांवर हे चाललं होतं आणि मला रडू येत होतं.

थवे आले तसे गेले. पाणी शांत झालं. तेव्हा रुक्मिणी कुजबुजली, “एक राहिला ना? पाण्यात हाय.”

होता. एक नर पाण्यात पोटापर्यंत शिरून बसला होता.

“काय करतोय त्यो? पंधरा दिवस झालं हा आवाज ऐकतीय. मामा म्हनत्यात आंघोळ करतोय. पन आंघोळ केली की पंख फडफडत्यात. ह्याचे पंख गप हायेत.”

मी बघितलं. तो अंग डावीउजवीकडे हळूहळू डोलवत होता, पोटाची पिसं फुलवून, जणू पाण्यात काहीतरी भिजत घालावं तसा. आणि मला कधीकाळी वाचलेलं आठवलं. वाचलं होतं, पाहीन असं वाटलं नव्हतं.

“रुक्मिणी, तो पाणी भरतोय,” मी म्हणाले. “त्याच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. पिल्लं लांब कुठेतरी उघड्या माळावर असतात, त्यांना उडता येत नाही. हा तिथे जाऊन उभा राहील आणि पिल्लं त्याच्या पोटाची पिसं चोखून पाणी पितील.”

 तिनं विचारलं, “वाटेत सांडत न्हाय?”

“थोडं सांडत असेल. उरतं तेवढं पुरतं.”

नर उठला आणि खोपीवरून उडाला. रुक्मिणीचा चेहरा त्याच्या मागे मागे फिरला. “जड हाय,” ती म्हणाली. “पंखांचा आवाज जड हाय, ताई! मी म्हनायचे, थकल्यालं पाखरू आसंल.”

त्यानंतर तिनं आणखी दोन ओळखले. तिन्ही एकाच दिशेला, मावळतीकडे, दोन बाभळींच्या मधून गेले.

साहेब

साहेब त्याच दिवशी अकराला आले. सभ्य माणूस, घाईत असलेला. वाट पाहिली, दोरी पाहिली, गाठींवर बोट फिरवलं. मग त्यांनी विचारलं ते कोणीही विचारलं असतं. “वाट छान आहे. पण पक्ष्यांच्या नोंदी? दिसत नसताना नोंद कशी करणार?”

रुक्मिणी म्हणाली, “साहेब, मावळतीकडं दोन बाभळींच्या पल्याड पखुर्डीची पिल्लं हायेत. तितं गाड्या जाऊ देऊ नका.”

“कोणी पाहिली?”

“कुनी न्हाय. तीन नर भिजल्या पोटानं तिकडं गेलेत. मी ऐकलंय.”

साहेबांनी मामांकडे पाहिलं. मामा दुर्बीण घेऊन निघाले. आम्ही सगळे ओसरीवर. रुक्मिणी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. तिनं हे आजच पहिल्यांदा ऐकून ओळखलं होतं आणि चूक निघाली असती तर सहा महिने मातीत गेले असते. मला वाटत होतं, मी उगाच पुस्तकातलं सांगितलं. दादानं दोनदा घड्याळ पाहिलं.

मामा परतले ते भराभरा चालत. त्यांना मी एवढं बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. “हायेत, साहेब! लांबनंच बघितलं. नर हुबा हाय, ऊर वर काढून, आन् खाली दोन पिल्लं, मातीच्या ढेकळाएवढाली, त्याच्या पोटाला लागल्यात. गाय पाजती तसं! तीस वर्सं हितं हाय मी, कदी बघितलं न्हवतं.”

 साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि मला माझा अभिप्राय विचारला. मी सगळं सांगितलं: पडले ते, का पडले ते, रुक्मिणीनं हातांनी वाट चाचपली ते, आणि विश्रामगृहाच्या न्हाणीघराच्या दारातून खुर्ची जात नाही तेही.

त्यांचं पत्र पंधरा दिवसांनी आलं, ते इथेच सांगून टाकते. रुक्मिणीला आणखी एक वर्ष, शिवाय पुढच्या हंगामापासून दोन नव्या जागा. बाभळींकडचा गाडीरस्ता पिल्लं उडेपर्यंत बंद. न्हाणीघराचं दार मामांनी स्वतः फोडून रुंद केलं.

भोवत्या

त्या दुपारी रुक्मिणीची आई वैरागहून एसटीनं धपाटे आणि दही घेऊन आली. माझ्या हनुवटीकडे बघून लेकीला म्हणाली, “हिलाच पाडलीस व्हय गं?” आणि मला आग्रह करून पाच धपाटे वाढले.

ऊन उतरल्यावर रुक्मिणी म्हणाली, “ताई, एक पक्षी मला कदीच मिळाला न्हाय. भोवत्या. रोज सांजच्याला गवतात मुक्कामाला येत्यात, मामा म्हनत्यात. पन आवाजच करत न्हाईत. मामा म्हनत्यात ‘आले’, मी म्हनते ‘बरं’.”

आम्ही गवताच्या कडेला बसलो. ती माझ्या खुर्चीशेजारी जमिनीवर, मांडीवर ब्रेलची पाटी आणि टोचणी. सूर्य टेकला तसे ते यायला लागले. लांब पंखांचे शिकारी पक्षी, कुठल्या थंड देशातून हिवाळ्यापुरते आलेले, पंख किंचित वर धरून गवताच्या शेंड्यांवरून तरंगत. वाऱ्यानं ढकलल्यासारखे. एकाही पंखाचा आवाज नाही.

शब्दांत सांगायला गेले आणि जमेना. मग मी तिचा डावा हात घेतला, तळवा उघडला आणि बोटानं त्यावर रेघ काढली: असा आला, असा कलला, इथे वळला, असा खाली गेला. मनगटाकडून बोटांकडे, संथ. एक पक्षी, एक रेघ. ती श्वास रोखून बसली होती. प्रत्येक रेघ संपली की उजव्या हातानं पाटीवर एक टिंब टोचे.

“हा?” ती विचारी.

“हा तपकिरी. मादी. दोनदा घिरटी घातली.” मी तिच्या तळव्यावर दोन वर्तुळं काढी.

पाटीवर टिंबांच्या तीन ओळी भरल्या. गवत आधी सोनेरी होतं, मग तांबूस, मग राखी. दादा मागे उभा होता. त्यानं निघायचं नाव काढलं नाही. शेवटी आभाळ मोकळं झालं.

“संपले,” मी म्हणाले.

रुक्मिणीनं तळवा मिटला नाही. “जरा थांबू की,” म्हणाली.

थांबलो. गार वारा सुटला. आणि मग उशिरा, एकटाच, एक फिकट राखी नर अगदी खालून आला, आमच्या इतक्या जवळून, की त्यानं मान वळवून बघितलेलं मला दिसलं. मी तिच्या मनगटावर बोट टेकवलं आणि त्याच्याबरोबर हळूहळू पुढे नेलं. तो तरंगला, एकदा कलला, पाय खाली सोडले. तळव्याच्या मधोमध माझं बोट थांबलं.

“बसला,” रुक्मिणी म्हणाली.